कूर्चा आणि एका नावाचा इतिहास

'मूळपेशींनी गुडघा पुन्हा उगवतो म्हणे, खरे का?' आयुष्यभर उभ्याने तास घेतलेल्या एका निवृत्त सरांनी परवा विचारले. इंजेक्शनांसाठी मुदत ठेव मोडावी की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. मला वैद्यक येत नाही. शब्दांचा इतिहास थोडाफार चाळता येतो.

१७४३ साली लंडनमध्ये विल्यम हंटर याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सांध्यांच्या कूर्चेवर निबंध लिहिला. एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे त्याचे निरीक्षण आजही उद्धृत होते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे जखम भरण्याची नेहमीची यंत्रणा तिथवर पोचत नाही. विसाव्या शतकात हाडाला बारीक भोके पाडून मज्जेतले रक्त वर आणण्याची युक्ती निघाली. परंतु तिने भरते ती तंतुमय, मूळच्या मानाने दुबळी कूर्चा. १९९४ साली स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यातील खळग्यांत बसवल्याचे प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडाच्या टोकाशी खळगा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीच्या बाबतीत ७ पैकी दोघांनाच. या मूळपेशी नव्हेत, हे मात्र विसरू नये.

तो शब्द आला दुसऱ्या वाटेने. १९९१ साली क्लीव्हलंडच्या आर्नल्ड कॅप्लान यांनी अस्थिमज्जेतील काही पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हटले. 'स्टेम' म्हणजे खोड. मराठीने त्याचे मूळ केले आणि उगवण्याची आशा अधिकच खोल गेली! पुढे २०१७ साली कॅप्लान यांनीच हे नाव बदलण्याचा आग्रह धरला. या पेशी शरीरात जाऊन स्वतः नवी ऊती होत नाहीत, आसपासच्या पेशींना रासायनिक संकेत देतात, असे त्यांचे म्हणणे. सुचवलेले नाव 'मेडिसिनल सिग्नलिंग सेल'. आद्याक्षरे तेवढी तीच राखली. तोवर जुने नाव बाजारात पुरते रुळले होते.

२०२३ साली अमेरिकेतील सुमारे पावणेपाचशे रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभराने पाहता, झिजलेल्या गुडघ्याच्या वेदनेवर तिथे वापरलेली कोणतीही पेशी-इंजेक्शने साध्या स्टिरॉइडपेक्षा सरस ठरली नाहीत. सरांचा गुडघाही वयाने झिजलेला आहे, दुखापतीचा खळगा नव्हे. ठेव मोडण्याआधी डॉक्टरांना, पेशी नेमक्या कोणत्या आणि त्यांनी काय साधायचे आहे, एवढे विचारा असे मी त्यांना सांगितले.