येवल्याचा माग आणि सागरापारची वल्कले

लासलगावचे नाव निघाले की कांद्याचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. परंतु लासलगावहून विंचूरला यावे, तेथून पूर्वेचा हमरस्ता धरावा, की थोड्याच वेळात येवले लागते. कांद्याच्या या मुलखात रेशमाचे गाव वसावे, हेच मुळी नवल. पैठणीला नाव पैठणचे लाभले, तरी आज ती मुख्यतः विणली जाते येवल्यात आणि शेजारच्या नागडे गावात. हे कसे घडले, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

पैठण ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. पुढे पेशव्यांच्या काळात पैठणी वस्त्रांना मोठा आश्रय मिळाला. येवल्याचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. नगराचे संस्थापक रघोजी नाईक यांनी रेशमी विणकामाचा मक्ता ठरावीक मंडळींनाच दिला, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. दिल्लीचे बादशहा, सातारकर, पेशवे आणि शेवटी विंचूरकर जहागीरदार अशा धन्यांच्या हाती गाव गेले. मक्ता मात्र टिकला. तो १८६४ साली न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आला. कला दाराआड जपली की ती सुरक्षित राहते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की येवल्याचे माग त्यानंतरही चालत राहिले.

पैठणीचे मर्म तिच्या पदरात आहे. पदरावरील मोर, मुनिया, कमळ वा आसावलीची वेल यंत्राने उठवलेली नसते, भरतकामाने काढलेलीही नसते. विणकर प्रत्येक रंगाची लहान कांडी हाती घेतो, ताण्याचे धागे मोजतो आणि एका रंगाचा बाणा दुसऱ्यात गुंतवून पुढे सरकतो. त्यामुळे पदराची मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी दिसते. लोंबणारे धागे नसतात. काठ आणि अंग यांना वेगवेगळे धोटे लागतात. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते. भरजरी पदराची असेल तर महिनोन्महिने मागावर असते. रेशीम येते बंगळुराकडून, जर सुरतेहून. येवल्याचा म्हणावा असा एकच कच्चा माल, तो म्हणजे विणकराचा हात.

हा हात गेला तर काय होते, हे पाहण्यासाठी वाचकांना आम्ही थोडे दूर, प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर नेऊ इच्छितो. तेथेही वस्त्राचे मूळ तुतीच्याच कुळात आहे. आपल्याकडे तुतीच्या पानांवर रेशमाचा किडा पोसतात. तेथील पूर्वजांनी कागदी तुतीची रोपे नावांतून बेटोबेटी नेली आणि तिची आतली साल भिजवून, ठोकून वस्त्रे केली. हवाई बेटांत या वस्त्राला कापा म्हणतात. १८२० साली तेथे अमेरिकन मिशनरी आले, व्यापाऱ्यांनी सुती कापड आणले, आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी कापा करणे जवळजवळ थांबले. ख्रिस्ती झालेल्या काआहुमानू राणीने १८३० मध्ये हुला नृत्याच्या जाहीर प्रयोगांवरही बंदी घातली. आपण श्रद्धावंतांनी हे प्रकरण डोळे झाकून ओलांडू नये. पुढे १९७० च्या दशकात काही हवाईयन मंडळींनी कापा पुन्हा करायला घेतला, तेव्हा शिकवणारे कोणी उरले नव्हते. संग्रहालयांतील तुकडे न्याहाळून, चुकतमाकत, त्यांना ती विद्या नव्याने जुळवावी लागली.

टोंगा बेटांत मात्र असे घडले नाही. तेथील लोकही ख्रिस्ती झाले, परंतु सालीचे वस्त्र विवाहात आणि अंत्यविधीत देण्याची रीत त्यांनी सोडली नाही. म्हणून ते करणारे हातही राहिले.

पैठणीही अशीच लग्नघराने जगवली, असे आमचे मत आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, आश्रयदाते गेले, गिरणीचे कापड आले. तरी शालूपैठणीवाचून लग्न नाही ही समजूत टिकली. आमच्या समाजातही वेदीपुढे पांढऱ्या वेषात उभी राहिलेली नवरी संध्याकाळी पैठणी नेसते, ती उगीच नव्हे. शासनाने १९७४ साली पैठण येथे विणकामाचे केंद्र चालवायला घेतले. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या दूरदर्शन-मालिकेने पैठणी घरोघरच्या बोलण्यात आणली. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन लाभले.

मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. यंत्रमागावरील स्वस्त साडी त्याच नावाने विकली जाते. काही वाण हातमागासाठीच राखून ठेवणारा १९८५ चा कायदा आहे. दुकानाच्या गादीवर बसलेल्या ग्राहकाला त्याची आठवण कोण करून देणार? ऐपत नसलेल्याने यंत्राची साडी घेतली तर त्यात गैर काही नाही. हातमागाचे दाम मोजून यंत्राचे वस्त्र घरी नेणे, हे मात्र विणकराच्या ताटातले काढून घेणे होय. पदर विणायला घरातील दोन-दोन माणसे बसतात, मुले हाताशी राहून शिकतात; त्या दिवसांची मजुरी निघाली नाही तर मुलगा नाशिकच्या कारखान्याची वाट धरतो. तेव्हा येवल्यास जाणाऱ्यांनी पदर आधी उलटून पाहावा, आणि शक्य तर मागावर बसलेल्या माणसाच्या घरीच पाहावा.