द्वारपालाची मजुरी

तापलेला चहा आपोआप निवतो. निवलेला आपोआप तापत नाही. निसर्गाची ही रीत चुकवण्यासाठी मॅक्सवेलने १८६७ मध्ये एक चिमुकला द्वारपाल कल्पिला. वेगवान रेणू एकीकडे, मंद दुसरीकडे. श्रम मात्र शून्य! १९२९ मध्ये सिलार्डने विचारले, रेणू पाहण्याचे मोल कोण देणार? १९३२ मध्ये फॉन नॉयमनने दाखवले की, पुंजसृष्टीत मापन हीच माघारी न फिरणारी क्रिया आहे. नोंद पुसली की किमान काही उष्णता बाहेर पडतेच, हे लँडॉअरने १९६१ मध्ये सांगितले. बेनेटने १९८२ मध्ये तोच नियम द्वारपालाच्या भरलेल्या वहीला लावला. २०१२ मध्ये फ्रान्समधील लियों येथे ती उष्णता प्रयोगाने मोजली गेली. कामगार चळवळीतल्या आम्हांला याचे नवल नाही. फुकट राबणारा द्वारपाल निसर्गाच्याही हजेरीपटावर नाही.