तेलीबांधा ते धमतरी, मार्गे कंडेल

साल २०१६ धरा आणि तेलीबांध्याच्या फलाटावर उभे राहा. याच्या पुढे सरकलात तर फलाटच सापडायचा नाही, कारण २०१७ नंतर इथले रूळ उठले आणि त्या पट्ट्यावरून आता एक्सप्रेस-वे धावतो. जवळच तेलीबांधा तलाव आहे. त्याचा काठ रायपूरकरांचा ‘मरीन ड्राइव्ह’. समुद्र नसलेल्या गावाने एवढी हौस करायला हरकत नाही. तलाव नीट बघून घ्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

तिकीट धमतरीचं काढा, पण उतरायचं आहे कुरूदला. पुढचं पायी. गाडी ‘छोटी लाइन’ची: रुळांमधलं अंतर अडीच फूट, डबे बुटके. खिडकीत कोपर टेकवलंत तर कुणाच्या तरी परसातल्या दोरीवरचा टॉवेल हाताला लागेल. वेगाचं म्हणाल तर बाजूचा सायकलवाला बराच वेळ गप्पा मारू शकतो. या गाडीची आणखी एक खोड अशी की पुढे जाताना ती वर्षं मागे टाकत नेते.

माना येतं तेव्हा १९६४ आहे. बाहेर तंबूच तंबू. पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं दंडकारण्यात पाठवण्याआधी इथे ठेवली आहेत. डब्यात छत्तीसगढी, बाहेर बंगाली. कडेवर पोर घेतलेली एक बाई गाडीकडे बघत राहते. ही गाडी तिला कुठेच नेणारी नाही. तुम्हीही उतरत नाही. भाटागाव, केंद्री ही नुसतीच जातात. अभनपूरला इंजिन बदललेलं दिसतं, वाफेचं. कोळशाची कणी डोळ्यात जाते. इथून एक फाटा राजीमला जातो, महानदीच्या संगमाकडे. राजीमजवळच्या चमसूर गावचे पंडित सुंदरलाल शर्मा सध्या घरी नाहीत, कलकत्त्याला गेले आहेत, असं शेजारचा उतारू दबक्या आवाजात सांगतो. कशाला, ते तो सांगत नाही.

कुरूद. डिसेंबर १९२०चे पहिले दिवस. उतरा.

शाल घट्ट करा, सकाळ गार आहे. गावाबाहेरच्या खारात, म्हणजे शिवारात, धान कापून झालं आहे. खुंटांच्या मधून लाखोडी हिरवी वर आली आहे. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला ती ओळखीची वाटेल. धान उभं असतानाच चिखलात बी फेकायचं आणि उरलेल्या ओलीवर पीक काढायचं, अशी ही रीत. वाटेत गाव लागलं की आधी तलाव लागतो. इथे त्याला तरिया म्हणतात. एक पिण्याचा, एक अंघोळीचा, एक गुरांचा. ज्या गावाची मोठी ख्याती, तिथे ‘छै आगर छै कोरी’ तरिया होते म्हणतात: सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६.

मग कालवा येतो. भराव चढून काठावर या, चालायला झकास आहे. रेल्वे सरळ जाते, कालवा मात्र उताराला विचारून वळणं घेतो. त्यामुळे कोसभर चाललात तरी मघाचं पिंपळाचं झाड पाठ सोडत नाही. सध्या पाणी सोडलेलं नाही, तळाशी गाळ आणि खेकड्यांची बिळं.

रेल्वे १९०० साली सुरू झाली. त्याआधीच्या चार वर्षांत छत्तीसगडने दोन मोठे दुष्काळ पाहिले होते. त्यानंतर सरकारने सिंचन आयोग नेमला, १९१५ पर्यंत धमतरीजवळ रुद्रीला महानदीवर बंधारा उभा राहिला, आणि माडमसिल्लीच्या धरणाचं काम तुम्ही चालत आहात तेव्हाही चालूच आहे, ते १९२३ साली पुरं होईल. सरकारची अडचणही समजून घ्या. दुष्काळासाठी खोदलेल्या कालव्याचं पाणी पाऊस बरा झाला की कुणी विकत घेत नाही, आणि खर्च तर वसूल व्हायला हवा. म्हणून गावांकडून दहा-दहा वर्षांचे करार लिहून घ्यायचे, पाणी घ्या वा न घ्या. युक्ती हिशेबाच्या वहीत चोख बसते.

कंडेलमध्ये बसली नाही.

दुपारी तुम्ही तिथे पोचता. खळ्यावर धानाचे भारे रचलेले आहेत, पण मळणीला बैल नाहीत. एक सियान, म्हणजे वडीलधारा माणूस, विचारतो, “कहाँ ले आवथव?” तेलीबांध्याहून म्हटल्यावर तो तुमच्या चपलांकडे बघतो आणि बसायला खाट ओढतो. करार गावाने नाकारला. दहा वर्षांत जेवढा पैसा भरायचा, तेवढ्यात गावाचा नवा तलाव होईल, असा साधा हिशेब होता. त्यानंतर ऑगस्टमध्ये कालव्याचं पाणी यांच्या शेतात शिरलेलं आढळलं आणि पाणीचोरीचा ठपका आला. दंड चार हजार रुपयांहून जास्त. “हमर तरिया त भरे रहिस, पानी कोन चोरातिस?” तरिया भरलेली असताना पाणी चोरेल कोण, एवढंच त्याचं म्हणणं. दंड कुणी भरला नाही, म्हणून जनावरं जप्त झाली. मालगुजार बाबू छोटेलाल श्रीवास्तव गावाच्या बाजूने उभे आहेत. मालगुजाराने सरकारला नाही म्हणणं ही रोजची गोष्ट नव्हे.

रात्र गावात काढा, सकाळी बोरे-बासी खा. आदल्या दिवशीचा पाण्यात भिजवलेला भात थंडीत नको वाटेल, तरी खा. मग धमतरीची वाट धरा.

धमतरीच्या बाजारात कंडेलची जनावरं लिलावाला उभी आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. गर्दीत मराठी ऐकू येते, दचकू नका. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता आणि त्या काळात आलेली घरं इथलीच होऊन गेली. लोकांना ‘बोली लावू नका’ म्हणून सांगत फिरणाऱ्यांत नारायणराव मेघावाले आहेत, धमतरीचेच. शिपाई आकडा पुकारतो. पुन्हा पुकारतो. आकडा उतरवतो. विडी ओढणारा विडी ओढत राहतो, भाजीवाली पाल्यावर पाणी शिंपडते. जोडी स्वस्तात पडते आहे हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतं. हात कुणाचाच वर होत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. शर्मा कलकत्त्याहून गांधींना घेऊन येतील. इथल्या इतिहासात ती तारीख २० डिसेंबर अशी लिहिली जाईल. दंड त्याआधीच माफ होऊन जनावरं घरी परततील. १९२२ साली सिहाव्याच्या जंगलात सत्याग्रह होईल, त्यातही मेघावाले असतील. पण हे बोलून दाखवू नका. आज शिपायाला एवढंच कळलं आहे की इथे गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या गावचा बाजार भरेल तिथे जनावरं हाकत न्यायची आहेत. स्टेशन उजव्या हाताला आहे, परतीच्या गाडीला अजून वेळ आहे. पाय दुखत नसतील तर तुम्हीही कळपामागून चला.