मानमोडी, बॉम्बे फीव्हर आणि ‘स्पॅनिश’ फ्लू

घरात खूप जुनं कुणी असेल तर त्यांना ‘मानमोडी’ हा शब्द विचारून पाहा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्याकडे गावोगावी हेच नाव होतं. या नावात आजाराची दहशत आहे, पण कुठल्याही देशाचा पत्ता नाही.

जगाने मात्र त्याच साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हटलं. स्पेनचा दोष काय, तर तिथली वर्तमानपत्रं साथीच्या बातम्या छापत होती! पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत बातम्यांवर सेन्सॉर होता, कारण आपले सैनिक तापाने फणफणलेत हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. स्पेन तटस्थ होता. मे १९१८ मध्ये माद्रिदमध्ये साथ पसरली, राजा तेरावा अल्फान्सोही आजारी पडला आणि ते सगळं छापून आलं. वाचणाऱ्यांना वाटलं, रोग तिथलाच. खरं तर अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत मार्चमध्येच सैनिक मोठ्या संख्येने आजारी पडले होते. मूळ उगमाबद्दल संशोधकांत आजही एकमत नाही, पण त्यांच्या यादीत स्पेन नाही. गंमत म्हणजे स्पॅनिश लोकही गप्प बसले नाहीत. तेव्हा गाजत असलेल्या एका संगीतिकेतल्या गाण्यावरून त्यांनी या तापाला ‘नेपल्सचा सैनिक’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे खापर इटलीवर.

आता मुंबईत या. १० जून १९१८ रोजी शहरातले सात पोलीस शिपाई तापामुळे रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांतला एक जण गोदीत ड्यूटीवर असायचा. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचं मत असं, की मेअखेर बंदराला लागलेल्या जहाजावरच्या खलाशांनी हा रोग आणला. सरकारचं म्हणणं बरोबर उलटं : खलाशांनाच तो मुंबईत लागला. तुम्हाला हा वाद पोरकट वाटेल, पण रोग जहाजातून आला म्हटलं की बोट बंदराच्या व्यवस्थेकडे जातं. शहरातून आला म्हटलं की ते वळतं नगरपालिकेकडे आणि चाळींतल्या गरिबांकडे. पुढे या तापाला ‘बॉम्बे फीव्हर’ही म्हटलं गेलं. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली असावीत.

या अनुभवातून आपण फार शिकलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं होतं, की नव्या आजारांना गाव, देश किंवा समाजाची नावं देऊ नका. तरी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प ‘चायनीज व्हायरस’ म्हणत राहिले आणि आपल्यापैकी अनेकांनी तो शब्द हौसेने उचलला. मे २०२१ मध्ये बी.१.६१७ ला जग ‘इंडियन व्हेरिएंट’ म्हणू लागलं तेव्हा मात्र आपल्याला झोंबलं. तसा उल्लेख असलेला मजकूर काढून टाका, असं केंद्र सरकारने समाजमाध्यम कंपन्यांना कळवलं. ३१ मे रोजी ग्रीक अक्षरांची नावं जाहीर झाली आणि त्यातला एक उपप्रकार ‘डेल्टा’ झाला. (त्याच महिन्यात आपण खुशाल ‘यूके स्ट्रेन’ म्हणत होतो, हेही आठवा.)

तालुक्याच्या गावात बसून मी हे नाव ठेवणं जवळून पाहिलं. २०२० मध्ये तिथे रोगाचं नाव ‘मुंबईवाले’ होतं. मुंबईहून परतलेल्या एका रिक्षाचालकाने तीन दिवस ताप लपवला. गावाला कळलं तर आईला पाणी भरू देणार नाहीत, ही भीती. तो आला तेव्हा ऑक्सिजन ८४ होता. तो वाचला, पण तोवर आईलाही ताप चढला होता.

म्हणून तपासताना मी “कुठे जाऊन आलात?” असं विचारलं, तर खरं सांगा. मला फक्त तारीख हवी असते. कुठली तपासणी करायची आणि किती दिवस वेगळं राहायचं, ते तिच्यावरून ठरतं. तुमचं उत्तर बाकावर बसलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये, म्हणून हल्ली मी आधी दार लावतो आणि मग विचारतो.