लेबलावर नसलेला रूडी जॅक्सन

रूडी जॅक्सन सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवी. १९२७ साली तो ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात होता. त्या वर्षी भरलेल्या ‘क्रिओल लव्ह कॉल’ची चाल त्यानेच आणली; पण ती निघाली किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’मधली! लवकरच त्याची जागा बार्नी बिगार्डला मिळाली. चरित्रकारांना एवढेच आठवते, हा अन्यायच म्हणायचा.

पुढे हा गृहस्थ मुंबईस आला. ताजमहाल हॉटेलात वाजविणाऱ्या क्रिकेट स्मिथच्या ताफ्याने १९३६ साली येथे ज्या थोड्या तबकड्या भरल्या, त्यांत तो आहे. लेबलावर मात्र नाव स्मिथचे. तेव्हा जॅक्सन हवा असेल, तर जुन्या बाजारात स्मिथ शोधावा. तबकडी लाखेची, ठिसूळ. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे.