'फुकट' कोण खात आले?

"घरबसल्या पैसे मिळाले तर काम कोण करणार?" सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. हा प्रश्न नेहमी मालकच विचारत आले आहेत, हे आम्ही सांगू इच्छितो.

1797 साली थॉमस पेनने मांडले, की जमीन मुळात सर्वांची. ती मूठभरांच्या मालकीची झाली, म्हणून भरपाईपोटी प्रत्येकाला 21व्या वर्षी 15 पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल 10 पौंड मिळावेत. भीक नव्हे, हक्क!

आपल्याकडे महार वतनाने तुकडाभर जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात अख्खी कुटुंबे राबणुकीला बांधली. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. विरोध इतका झाला, की ते मागे घ्यावे लागले. 1947च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी बजावले, की पोटाची शाश्वती नसलेला माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्कही सोडून देतो.

2011-12 मध्ये मध्य प्रदेशातील काही गावांत 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने दरमहा बिनशर्त रोख रक्कम दिली. लोक आळशी झाले नाहीत. आदिवासी गावात तर अनेकजण दुसऱ्याची मजुरी कमी करून स्वतःची शेती कसू लागले.

विरोधकांना खरी भीती हीच आहे. मात्र 2016-17च्या आर्थिक पाहणीने हे उत्पन्न चालू योजनांना पर्याय म्हणून चर्चेला घेतले, हे विसरू नका. रेशन आणि शिष्यवृत्ती कापून दिलेले पैसे आम्हाला नकोत. त्यांच्या जोडीला हवेत, हक्क म्हणून.

जय भीम!