मंदिरे, माती आणि राजकोष

मराठवाडा ओलांडून गोदावरी तेलंगणात शिरते, तेथेच तिच्या तीरावर बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र आहे. नदीतील वाळूने व्यासांनी येथे देवीची मूर्ती घडविली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वसंतपंचमीस मुलांना पहिले अक्षर गिरविण्यासाठी येथे आणतात; त्यांत नांदेडकडील मराठी कुटुंबेही असतात. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडते. १९५६ पर्यंत मात्र बासर, नांदेड आणि अजिंठा ही तिन्ही स्थळे हैदराबादच्या एकाच कारभाराखाली होती. अशा प्राचीन स्थळांचा सांभाळ आजवर कोणाच्या द्रव्यावर झाला, याचा विचार उद्बोधक ठरेल.

त्याचा एक जुना दाखला याच नदीच्या उगमाकडे, नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे. दुसऱ्या शतकात गौतमीपुत्र सातकर्णीने तेथील भिक्षूंना ककडी गावचे शेत दिले होते. परंतु आपल्या कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी त्याला नवी आज्ञा काढावी लागली. गाव ओस पडले होते, शेत कोणी कसत नव्हते. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीची शंभर निवर्तने जमीन त्याऐवजी देण्यात आली. पुढे पुळुमावीने लेण्याच्या शोभेसाठी एक गावच लावून दिला. नांगर थांबला की दान संपते, हे त्या राजांनी अनुभवाने जाणले होते.

दक्षिणेतील पुढील काळच्या दानपत्रांत ‘खंडस्फुटित’ हा शब्द वारंवार येतो. मंदिराचे जे मोडेल, जे फुटेल, त्याच्या दुरुस्तीची तरतूद दान देतानाच केलेली असे. पूजा, दिवाबत्ती आणि डागडुजी हे सारे इनाम जमिनीच्या उत्पन्नातून चाले. भूमी हाच देवस्थानाचा कोष होता. त्या व्यवस्थेत दोषही होते; जमिनी बळकावल्या जात, हिशेब बुडत. तथापि शेताची निगा आणि शिखराची निगा या दोन गोष्टी तिने एकत्र बांधल्या होत्या.

विसाव्या शतकात ही जबाबदारी सरकारी अंदाजपत्रकाकडे आली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापिले. त्यामागे सर अकबर हैदरी यांची दृष्टी होती, आणि खात्याची धुरा गुलाम यझदानी यांनी वाहिली. अजिंठ्याची चित्रे भिंतींवरून सुटू लागली होती. तेव्हा संस्थानाने आपल्या खर्चाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीस घट्ट केला. परंतु चित्रांवर चढलेले लाखेचे लेप कालांतराने पिवळे पडले, आणि ते उतरविण्याचे नाजूक काम पुढील पिढीतील भारतीय रसायनतज्ज्ञांना करावे लागले. एका वेळचा मोठा खर्च म्हणजे रक्षण नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

१९५६ साली हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बासर आंध्र प्रदेशात गेले. १९५८ साली केंद्राने स्मारकांचा नवा कायदा केला. पाठोपाठ १९६० मध्ये आंध्र व महाराष्ट्र यांनी आपापले कायदे केले. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकांभोवतीच्या शंभर मीटरांत नव्या बांधकामास मनाई झाली. वास्तूबरोबर तिच्या भोवतीची जमीनही राखली पाहिजे, हे अशा रीतीने कायद्याने मान्य केले. १९९२ साली जपानच्या कर्जातून सुरू झालेल्या अजिंठा-वेरूळ प्रकल्पातही लेण्यांच्या जतनासोबत वनीकरणाचा समावेश होता.

हे शहाणपण नदीच्या खोऱ्यात किती अगत्याचे आहे, ते बासरच्या खालच्या अंगास दिसते. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी पोचमपाड येथे धरणाची कोनशिला बसविली. आज श्रीरामसागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची मूळ क्षमता ११२ अब्ज घनफूट होती. १९९४ च्या पाहणीत ती सुमारे ९० अब्जांवर आलेली आढळली. उरलेली जागा गाळाने व्यापली होती. तो गाळ म्हणजे वरच्या खोऱ्यातील उतारांवरून आणि शेतांतून वाहून आलेली माती होय. बांधबंदिस्तीवर जो खर्च वेळीच झाला नाही, त्याची किंमत खालच्या जलाशयाला भरावी लागली.

आज मृद्‌संधारणाचे पैसे एका खात्याकडे असतात, स्मारकांचे दुसऱ्याकडे, देवस्थानांचे तिसऱ्याकडे. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, प्रत्येकाचा अधिकारी वेगळा. गोदाकाठी मात्र घाट, मंदिर आणि शेत एकाच मातीवर उभे आहेत. ओस पडलेल्या ककडीच्या शेताकडे पाहून सातवाहन राजाने आपली आज्ञा बदलली. वर्षाला थोडा परंतु न चुकता होणारा खर्च, आणि तो वास्तूइतकाच भोवतीच्या भूमीवरही, एवढे पथ्य आजच्या शासनांनी पाळले, तर बासरला पहिले अक्षर गिरविणाऱ्या मुलांच्या हाती हा वारसा धड स्थितीत पोहोचेल.